बांधावरची बकुळ

टप्प.

दुपारचे अडीच वाजले होते. लेक नूपुर आतल्या खोलीत पंख्याखाली झोपली होती. घरात इतकी शांतता, की सिंकखाली ठेवलेल्या स्टीलच्या वाटीत पडलेला तो एवढासा थेंब वृंदाला बाहेरच्या खोलीत ऐकू आला. ती दचकली आणि मग स्वतःशीच हसली. घरात कुणीतरी बोललं, असं तिला क्षणभर वाटलं होतं.

सिंकचा पाइप चार दिवस गळत होता. प्लंबरला बोलवायचं तर त्याच्याशी बंगालीत बोलायचं, आणि वृंदाचं बंगाली भाजीवाल्यापलीकडे पोहोचलं नव्हतं. तिचा नवरा अजेय म्हणाला होता, रविवारी बघतो. तोवर वाटी होतीच. भरली की ओतायची आणि पुन्हा ठेवायची. आपण सगळेच असं करतो, नाही का? गळती तशीच राहते आणि वाटी मोठी होत जाते.

चौदा महिन्यांपूर्वी ती साताऱ्याहून इथे आली. अजेयची बदली बंगालमधल्या बजबजच्या तेल डेपोत झाली, आणि बेहालाच्या पुढे, डेपोकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका सोसायटीत त्यांना घर मिळालं. पूर्वी इथे वीटभट्टी होती. भट्टीवाल्यांनी माती उकरून केलेल्या खड्ड्याला एका बाजूने मातीचा बांध घालून सोसायटीने तळं केलं होतं. तळ्यात हंसाच्या आकाराच्या पायडलच्या बोटी होत्या. बांधावर फिरायची वाट होती, आणि वाटेच्या कडेला एका ओळीत तेवीस झाडं होती. ती झाडं मराठी माणसांची.

सोसायटीत मराठी घरं सात. सात वर्षांपूर्वी पहिलं घर आलं ते चारुदत्त आणि शोभाताईंचं. त्यांनीच ही पद्धत पाडली. मुलाचा वाढदिवस असला, की औक्षण झाल्यावर सगळ्यांनी मिळून बांधावर एक झाड लावायचं, पायाशी नावाची पाटी ठोकायची. चारुदत्तकाका दर वेळी तोच विनोद करत. "एकेकाळी मराठ्यांना अडवायला या शहराने बागबाजारपासून खंदक खणला होता. आता मराठेच यांच्या तळ्याला सावली देतायत!" सगळे दर वेळी हसत.

वृंदा आली तेव्हा तिची आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. शोभाताईंनी तिला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "आईच्या नावाने लाव एक. बकुळ लाव." त्या दिवशी वृंदा या शहरात पहिल्यांदा पोटभर रडली. कमरेइतकं रोप, पायाशी पाटी : सुधा. साताऱ्यात तिच्या बाबांनी त्याचा फोटो आपल्या फोनवर लावून घेतला. "तळ्याकाठी आहे. बरं आहे, सुधाला पाणी आवडायचं," एवढंच ते म्हणाले.

बेल वाजली. पूर्णिमादी आली होती. ती चार घरची धुणीभांडी करायची आणि बांधाच्या पलीकडच्या वस्तीत राहायची. भट्टीच्या काळापासून तिचं सासर तिथेच. दोघींची भाषा म्हणजे मोडकं हिंदी आणि उरलेले हातवारे. पण चौदा महिन्यांत दोघींचं काही अडलं नव्हतं.

फरशी पुसताना पूर्णिमादीने सिंकखालची वाटी बघितली आणि ती हसत सुटली. वृंदाला ती बौदी, म्हणजे वहिनी म्हणायची.

"बौदी, तुमच्याकडे वाटी. माझ्याकडे तर अख्खं अंगण आहे!"

"म्हणजे?"

"घरामागे पाणी. आठ दिवस आभाळातून थेंब नाही, आणि अंगणात बदकं पोहतायत. सासूच्या खाटेखाली विटा लावल्यात. म्हातारी म्हणते, या वर्षी गंगा मला न्यायला घरीच आली."

वृंदाही हसली. मग म्हणाली, "सांगते हं मी कमिटीला."

हे वाक्य तुम्हीही कधीतरी म्हटलं असेल. ते म्हटलं, की आपलं काम झाल्यासारखं वाटतं. वृंदालाही तसंच वाटलं.

तीन वाजता बाबांचा फोन आला. रोज यायचा. दिगंबरराव पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षं मुकादम होते. सगळी नोकरी लहान लहान मातीच्या धरणांवर. माणूस आधीच अबोल, आणि सुधाताई गेल्यापासून तर फोन म्हणजे चारच वाक्यं. जेवलीस का? नूपुर झोपली का? अजेयराव ठीक? बरं, ठेवतो. फोन ठेवल्यावर घर आधीपेक्षा जास्त रिकामं वाटायचं.

त्या दिवशी तिला ते चौथं वाक्य नको होतं. बाबांना थोडं थांबवावं म्हणून, दुसरं काही सुचलं नाही म्हणून, ती म्हणाली, "आमच्या पूर्णिमादीच्या अंगणात पाणी येतंय, बाबा. पाऊस नसताना."

"घर कुठे आहे तिचं?"

"बांधाच्या पलीकडे. खाली."

पलीकडे खुर्ची सरकली. मग बाबांचा आवाज आला, आणि तो आवाज वृंदाने दोन वर्षांत ऐकला नव्हता. लहानपणी पावसाळ्यात घोंगडी पांघरून रात्रपाळीला निघणाऱ्या माणसाचा तो आवाज होता.

"पाणी स्वच्छ आहे की गढूळ?"

"ते नाही विचारलं."

"विचारू नकोस. स्वतः जा. काचेची बाटली घेऊन जा, जिथून निघतंय तिथलं पाणी भर, घरी आणून तासभर हलवू नकोस. मातीचा बांध थोडा पाझरतोच, बाळा. स्वच्छ पाणी पाझरलं तर फार भ्यायचं नसतं, लक्ष ठेवायचं असतं. पण पाणी गढूळ असेल, तर ते एकटं येत नाहीये. बांधाला आतून खाऊन, माती बरोबर घेऊन येतंय."

नूपुर उठली होती. "मी पण जाबो," ती म्हणाली. तिचं मराठी हे असं, शाळेतलं बंगाली मध्येच डोकावणारं. वृंदाने लोणच्याची रिकामी बाटली धुऊन घेतली आणि लेकीचा हात धरून मागच्या फाटकातून बाहेर पडली.

चौदा महिन्यांत ती त्या बाजूला एकदाही गेली नव्हती. जायचं कारणच नव्हतं. बांधावर फिरताना खालची वस्ती दिसायची नाही. त्या बाजूला पुरुषभर उंचीचं हिरवं कापड ताणून बांधलं होतं, बांधकामावर लावतात तसं. वरून तळं दिसायचं, आकाश दिसायचं, हंस दिसायचे.

खालून दिसला तो बांध. दोन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहिली तर जेमतेम माथ्याला हात लागेल, एवढी मातीची भिंत, आणि तिच्या पायथ्याशी चिकटून सोळा-सतरा घरांची ओळ. बोटीतल्या मुलांचं हसणं डोक्यावरून येत होतं. आपल्या डोक्याच्याही वर कुठेतरी पाणी आहे, हे वृंदाला अंगावर काटा आल्यासारखं जाणवलं.

पूर्णिमादीच्या अंगणात खाट होती. खाटेवर तिची सासू, पाय गेलेली, वाऱ्याला म्हणून बाहेर निजवलेली. खाटेच्या पायांखाली दोन दोन विटा. सासूने नूपुरला बघून तोंडाचं बोळकं उघडलं आणि हात पुढे केला. नूपुरने आपल्या फ्रॉकच्या खिशातलं बिस्कीट तिच्या हातावर ठेवलं.

पायथ्याच्या गवतात पाणी निघत होतं ती जागा तळहाताएवढी होती. मध्ये बारीक रेती उकळल्यासारखी वर येत होती आणि भोवती तिचं वारुळासारखं छोटं कडं झालं होतं. वृंदाने बाटली भरली.

तासाभराने, ओट्यावर ठेवलेल्या त्या बाटलीच्या तळाशी नखाएवढा जाड राखाडी थर बसला होता.

बाबांनी व्हिडिओ कॉल करायला सांगितला. साताऱ्यातल्या खुर्चीत बसून ते सगळा बांध तिच्याकडून चालवून घेत होते. "सावकाश. खाली धर. उंदीर-घुशीची बिळं बघ. बांधाला कुठे पोट सुटलंय का बघ. सांडवा दाखव."

"तो कुठला?"

"जादा पाणी जायची वाट गं. प्रत्येक तळ्याला असते."

सांडवा कोपऱ्यात होता. त्याच्या तोंडावर बारीक भोकांची लोखंडी जाळी होती. दुर्गापूजेनंतर सोसायटीत मासे पकडायची स्पर्धा असते, त्यातले रुई-कातला वाहून जाऊ नयेत म्हणून. जाळीला जलपर्णी आणि पाचोळा चिकटून त्याचा बोळा झाला होता. तळं काठोकाठ भरलं होतं.

"माशांना अडवलं, त्याबरोबर पाण्यालाही अडवलं," बाबा पुटपुटले. "आता माथा दाखव."

तिने फोन वर धरला. जांभूळ, आवळा, कदंब, सीताफळ. एकामागून एक झाडं आणि पायाशी पाट्या.

"ही झाडं कुणी लावली?" बाबांचा आवाज चढला.

"आम्हीच. मराठी लोकांनी."

"बांधावर? अगं, शहाणे ना तुम्ही सगळे?"

"पण बाबा, झाडं माती धरून ठेवतात ना? शाळेत शिकवलंय आम्हाला."

"डोंगरावर धरतात. डोंगराच्या आत पाणी कोंडलेलं नसतं. बांधावरच्या झाडाचं मूळ पाण्याचा माग काढत बांधाच्या पोटात शिरतं. ते मूळ कधीतरी वाळतं, कुजतं, आणि त्याच्या जागी राहते पोकळ नळी. पाण्याला आयतीच वाट. वादळात झाड पडलं तर बांधाचा लचका घेऊन पडतं. आमच्या एका तलावावर साहेबांनी बंगल्यासमोर शोभा म्हणून गुलमोहर लावले होते. मला कळत होतं, पण साहेबांपुढे मी तोंड उघडलं नाही. एक झाड पडलं आणि बैलगाडी जाईल एवढं खिंडार पडलं. उन्हाळा होता म्हणून, तलाव अर्धा होता म्हणून खालचं गाव वाचलं. तेव्हापासून दर दिवाळीआधी मी बांध भादरून घ्यायचो. बांधावर फक्त गवत. आखूड गवत. म्हणजे कुठे ओल आली, कुठे भेग पडली, लगेच डोळ्याला दिसते."

वृंदा चालता चालता थांबली होती. फोनचा कॅमेरा ज्या झाडावर स्थिरावला होता, ते कमरेच्या वर गेलेलं, चकचकीत पानांचं होतं.

"बकुळ आहे ती," बाबा म्हणाले.

"हो."

"आपली?"

"हो, बाबा."

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. साताऱ्याच्या घरातला भिंतीवरचा पंखा कुरकुरत होता, तो आवाज तिला स्पष्ट ऐकू येत होता.

"सगळ्यांत आधी ती काढ," ते शेवटी म्हणाले. "दुसऱ्याला सांगायच्या आधी आपलं काढायचं. मी त्या वेळी गप्प बसलो, तू बसू नकोस. पण घाई करू नको. आधी पाणी उतरवायला लाव, मग झाडाला हात घाल. आणि ऐक, सुधाला विचारलं असतं तर तिनेही हेच सांगितलं असतं. खालच्या घरातल्या बायकांशी तिची मैत्री आधी व्हायची, साहेबांच्या बायकांशी नंतर."

रविवारी सगळी मराठी घरं चारुदत्तकाकांकडे जमायची. वृंदासाठी आठवड्यातले तेच तीन तास बोलण्याचे. शोभाताईंनी भाजणीचे वडे केले होते. वृंदाने टेबलावर, वड्यांच्या ताटाशेजारी, ती बाटली ठेवली आणि सगळं सांगितलं.

आधी कुणीतरी हसलं. "लोणचं आणलंस वाटतं!"

चारुदत्तकाका तळ्याच्या समितीचे प्रमुख होते. त्यांनी बाटली उचलून उजेडात धरली आणि खाली ठेवली. "वृंदा, पूजेला तीन आठवडे आहेत. आता जाळी काढून पाणी उतरवलं तर बोटी चिखलात रुततील. पूजेनंतर बघू की."

"पूजेपर्यंत थांबेल का ते, काका?"

"आणि हे सांगतंय कोण? तुझे बाबा पाटबंधाऱ्यात मुकादम होते ना? इंजिनिअर तर नव्हते?"

वृंदाचे कान तापले. "नव्हते. पण बांधावरून रोज चालणारा माणूस तेच होते."

"बोललं हे बाहेर, तर फ्लॅटच्या किमती काय होतील ठाऊक आहे?" दुसरं कुणीतरी म्हणालं. "आणि ती वस्ती तशीही दर पावसाळ्यात ओलीच असते."

शोभाताईंनी हातातली ताटली खाली ठेवली. आता त्या बोलल्या. "बांधावर जांभूळ आहे ना, ते माझ्या अनिकेतचं आहे. सहा वर्षं झाली त्याला अमेरिकेला जाऊन. आठवड्यातून एकदा फोन करतो, तोही घाईत. मी रोज संध्याकाळी त्या झाडाला हात लावते, तेव्हा मला माझा दिवस संपल्यासारखा वाटतो. आणि तू, मी तुला पोटच्या पोरीसारखं जवळ केलं, ती तू आमच्या मुलांची झाडं तोडायला निघालीस?"

वृंदा उठली. तिने खोलीभर पाहिलं. कुणाचा मुलगा लांब, कुणाची बहीण, कुणाचं गावच पुसलं गेलेलं. बांधावरचं एकेक झाड म्हणजे इथल्या कुणाच्या तरी घरातली एकेक रिकामी खुर्ची होती. हे सगळे तिच्याइतकेच एकटे होते! आणि सगळ्यांनी मिळून आपलं एकटेपण नेऊन त्या बांधावर लावलं होतं. त्याचं ओझं मात्र खालच्या सोळा-सतरा घरांवर पडत होतं.

तिने बाटली उचलली आणि ती घरी आली.

पुढचे चार दिवस बाबांखेरीज कुणाचा फोन आला नाही. ग्रुपवर कुणी सुप्रभात लिहिलं तर त्याखाली सगळ्यांची फुलं यायची. वृंदाने लिहिलं की शांतता. नूपुरला कुणी खेळायला बोलावलं नाही. समितीला तिने अर्ज दिला, पालिकेच्या कार्यालयात जाऊन एक प्रत दिली, पोच घेतली. अजेय जेवताना म्हणाला, "वृंदा, कशाला अंगावर घेतेस? दोन वर्षांनी आपण बदलून जाणार."

"आपण जाणार. पूर्णिमादी नाही जाणार."

तो जेवत राहिला. पण गुरुवारी सकाळी डेपोत जायच्या आधी त्याने सिंकखाली वाकून पाइपचं वॉशर बदललं, आणि कोपऱ्यात एक नवी कुदळ आणि घमेलं ठेवलं. "आधी जाळीचा कचरा काढायचा, असं म्हणाले ना बाबा?" बुटाची नाडी बांधता बांधता तो म्हणाला. "मी आणि पूर्णिमादीच्या नवऱ्याने काल संध्याकाळी काढला. जाळी तशीच आहे, पण पाणी वाहायला लागलंय. वीतभर उतरलंय."

त्या सकाळी टपटप बंद झाली होती. घर शांत होतं, पण वृंदाला पहिल्यांदाच ती शांतता खायला उठली नाही.

शुक्रवारी, पाणी आणखी उतरल्यावर, ती बांधावर गेली. पूर्णिमादी चिकणमातीचं घमेलं आणि एक जड धुम्मस घेऊन आली होती. जमीन ठोकून बसवायचा तो लाकडी ठोकळा तिच्या सासऱ्याचा, भट्टीवरचा. हातभर जागा मोकळी हवी म्हणून वृंदाने बकुळीमागचं हिरवं कापड दोन खांबांपासून सोडलं. ते घसरून खाली पडलं.

तिने आधी पाटी काढून पदरात बांधली. मग बकुळीला हात लावला. "आई, येतेस ना?" एवढंच तिच्या तोंडून आलं. आणि तिने कुदळ घातली.

रोप लहान होतं. मुळं सरळ खाली गेली असतील असं तिला वाटलं होतं. पण माती बाजूला सारली तर सगळ्यांत लांब मूळ आडवं निघालेलं, थेट तळ्याच्या दिशेने, कुणीतरी बोट दाखवावं तसं. ती ते मोकळं करत गेली आणि कुदळीला दुसरंच काहीतरी लागलं. मनगटाएवढं जाड एक मूळ, शेजारच्या जांभळाचं, तेही त्याच दिशेला चाललेलं. त्याचा निम्मा भाग कुजून पोकळ झाला होता. आणि त्या पोकळीतून, करंगळीएवढ्या धारेने, गढूळ पाणी खड्ड्यात उतरत होतं.

"काय चालवलंयस तू हे?"

शोभाताई उभ्या होत्या. फिरायला निघाल्या होत्या, हातात काठी.

वृंदाने कुदळ खाली ठेवली. तिने बाजूला सरकून जागा करून दिली. शोभाताई वाकल्या. पोकळ मूळ त्यांनी पाहिलं. मान वर करून ते कुणाचं आहे तेही पाहिलं. मग त्या पाण्याची वाट बघत त्यांची नजर उतारावरून खाली गेली, आणि मध्ये हिरवं कापड नव्हतं.

सात वर्षांत पहिल्यांदा त्यांना ते अंगण दिसलं. विटांवर चढवलेली खाट. खाटेवर पाय गेलेली म्हातारी, त्यांच्याच वयाची. तिने वर पाहिलं, कुणीतरी आपल्याकडे बघतंय म्हणून तिला आनंद झाला असावा, आणि तिने हात हलवला.

शोभाताईंचा हात नकळत वर गेला आणि तसाच राहिला.

"देवा! अगं, ही तर उठूही शकणार नाही!" त्या ओरडल्या. "हे फुटलं तर ही पळणार कशी? आणि मी रोज इथे उभी राहून माझ्या पोराला गोंजारत होते. हिच्या डोक्यावर उभी राहून!"

पूर्णिमादीला मराठी येत नव्हतं, पण तिला कळलं. तिने पुढे होऊन शोभाताईंचा दंड धरला. "बोशुन, माशीमा," ती म्हणाली. बसा, मावशी.

शोभाताईंनी बसल्या जागेवरून नवऱ्याला फोन लावला. "अहो, जाळी काढा. आत्ता. नाही, पूजेनंतर नाही! बोटी नसल्या तर नसू देत, हंस चिखलात बसू देत. आणि येताना दोरी आणा, हे हिरवं कापड सगळं काढायचंय." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि वृंदाच्या बाबांचा नंबर घ्या तिच्याकडून. तुम्हाला माफी मागायचीय."

बकुळ मातीच्या गड्ड्यासकट बाजूला ठेवून बायका खड्डा भरायला बसल्या. मूठभर माती, थोडं पाणी, धुम्मस. पुन्हा मूठभर माती. फोन गवतात उभा करून ठेवला होता, आणि साताऱ्यातून आवाज येत होता, "थर पातळ ठेवा. घाई नको. हां, वाजू दे. अजून ठोका. आता कसा टणक आवाज आला!"

पूजेला त्या वर्षी बोटी नव्हत्या. तळं अर्धं उतरवलं होतं. निवृत्त झालेल्या एका धरण अभियंत्यांना समितीने बोलावलं. त्यांनी दोन दिवस बांध पायी तपासला आणि जे सांगितलं ते मुकादमाच्या सांगण्यापेक्षा फार वेगळं नव्हतं. पायथ्याशी रेती आणि खडीची गाळणी घालायची, म्हणजे पाणी निघालं तरी माती निघणार नाही. मोठी झाडं थंडीत, पाणी कमी असताना मुळांसकट काढायची. सांडवा कायम मोकळा. वर्षातून दोनदा तपासणी, आणि त्या तपासणीला वस्तीतली दोन माणसं बरोबर हवीत. ही शेवटची अट शोभाताईंनी लिहून घ्यायला लावली. सगळ्यांचं मन वळलं असंही नाही. दोन घरांनी बोलणं टाकलं ते टाकलंच.

लहान झाडं, बकुळीसकट, रिक्षाच्या थांब्यामागच्या सपाट जागेत नेली. बकुळीची सगळी पानं गळाली. ती जगेल की नाही, अजून कळत नाही. बाबांचा फोन आता तीन वाजता येतो तो वीस मिनिटं चालतो. पहिला प्रश्न, "गवत कापलं का?" दुसरा, "बकुळीला कोंब फुटला का?"

मंडळी, आपल्यापैकी प्रत्येकाच्या आसपास असं काहीतरी असतं. एखादं तळं, एखादी भिंत, एखादी गच्चीवरची टाकी. वरून फार देखणं दिसणारं. आपण तिथे आपली माया लावतो, आठवणी लावतो, फोटो काढतो. माया खरीच असते. पण ती कुणाच्या डोक्यावर उभी आहे, हे वरून कधीच दिसत नाही. त्यासाठी एकदा पायऱ्या उतरून खाली जावं लागतं, आणि खाली राहणाऱ्याला विचारावं लागतं, "तुमच्याकडे पाणी येतंय का?" वाटी सरकवून भागत नाही. ज्यांच्या जिवावर बेतणार, बांध आधी त्यांचा असतो, आपला नंतर.

परवा संध्याकाळी वृंदा नूपुरला घेऊन बांधावर गेली होती. गवत आखूड कापलेलं, कापडाचे खांबही काढलेले. खाली पूर्णिमादी दोरीवरचे कपडे काढत होती. नूपुरने हात हलवला, तिनेही हलवला. अंगण कोरडं होतं. खाटेखालच्या विटा मात्र कुणी काढल्या नव्हत्या.

"आई, पूर्णिमादी तळ्याच्या खाली का राहते?"

"तिचं घर खूप जुनं आहे, राजा. तळं नव्हतं तेव्हापासूनचं."

नूपुरने आधी पाण्याकडे पाहिलं, मग खालच्या छपरांकडे, मग पुन्हा पाण्याकडे.

"मग आई, तळं एवढं वर ठेवायच्या आधी तिला कुणी विचारलं होतं?"